कोळशातला गॅस काढताना उपसलेलं पाणी जातं कुठे?

शिरोळ तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ मध्य प्रदेशात शहडोलकडे कोळशाच्या थरातला गॅस काढण्याच्या कामावर आहे. तो सांगतो, विहीर सुरू झाली की आधी कितीतरी महिने नुसतं पाणीच उपसतात. ते पाणी जातं कुठे? आसपासच्या विहिरी आटतात का? नदी खराब होते का? ऑस्ट्रेलियात नदीच्या पाण्यावर आग लागल्याचा व्हिडिओ बघितल्यापासून डोक्यात तेच आहे. उद्या पंचगंगेच्या काठावर असा प्रकल्प आला तर?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. पंचगंगेच्या काठावर असा प्रकल्प येणार नाही, कारण आपल्या पायाखाली कोळसाच नाही. कोल्हापूर बसलंय दख्खनच्या काळ्या पाषाणावर. शेजारी सातारा जिल्ह्यात कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी खोल वेधनं (खडकात पाडलेली तपासणीची भोकं) घेतली, तेव्हा सुमारे ९३० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट जुना ग्रॅनाइट-नाइस खडक लागला. मध्ये कोळसा धरणारे गोंडवन थर नाहीत. महाराष्ट्रातला कोळसा विदर्भात आहे, वर्धा नदीचं खोरं आणि नागपूरजवळचं कामठी या बाजूला. म्हणजे या बाबतीत तुमच्या उसाला धोका नाही. तरीही प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. भाऊ तिथे आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे, या प्रकल्पांच्या पाण्यानं जमिनीचं जे होऊ शकतं, ते शिरोळच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

माझं काम भूजलाचं. नोकरीचा बराचसा काळ दामोदर नदीच्या खोऱ्यात विहिरींच्या पातळ्या आणि पाण्याचे नमुने घेण्यात गेला. आता कोल्हापुरात राहून पाणीपुरवठा संस्थांना आणि शेतकऱ्यांना पाणी आणि निचरा याबद्दल सल्ला देतो. खाली लिहितोय ते या दोन्ही कामांतून आलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळी पाणी आहेत आणि लोक ती नेहमी एकत्र करतात. एक पाणी जमिनीखालून कमी होतं. दुसरं पाणी जमिनीवर येतं आणि कुठेतरी सोडावं लागतं. पहिल्याचा संबंध विहिरीच्या पातळीशी, दुसऱ्याचा नदीशी आणि शेताशी. पहिल्याची भीती लोकांना जास्त वाटते. माझ्या अनुभवात मात्र लवकर आणि उघड नुकसान करतं ते दुसरं.

आधी पाणी उपसावं का लागतं ते बघू. हा गॅस म्हणजे मिथेन; कोळशाच्या थरातला म्हणून त्याला इंग्रजीत कोल बेड मिथेन, थोडक्यात सीबीएम म्हणतात. तो कोळशाच्या चिरांमध्ये मोकळा भरलेला नसतो. तो कोळशाच्या आतल्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागाला चिकटून असतो. चिरांमध्ये पाणी असतं आणि त्या पाण्याच्या दाबामुळे गॅस जागचा हलत नाही. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक वातावरण दाब, म्हणजे सहाशे मीटर खोलीवर सुमारे साठ पट. पाणी उपसलं की दाब उतरतो, गॅस सुटतो, चिरांमधून विहिरीकडे येतो. म्हणून सुरुवातीला पाणी भरपूर आणि गॅस थोडा, नंतर पाणी घटत जातं आणि गॅस वाढतो, मग तोही कधीतरी उतरणीला लागतो. भाऊ म्हणतो ते अगदी बरोबर आहे. या धंद्यात सुरुवातीला माल म्हणून पाणीच निघतं.

भारतात यासाठीचं सरकारी धोरण १९९७ साली आलं. व्यावसायिक उत्पादन २००७ मध्ये पश्चिम बंगालच्या राणीगंज भागात सुरू झालं, झारखंडमध्ये झरिया-बोकारोकडे कामं झाली आणि शहडोलच्या सोहागपूर क्षेत्रातून २०१७ पासून गॅस निघतोय. राणीगंजजवळून दामोदर वाहते, सोहागपूर शोण नदीच्या खोऱ्यात आहे. म्हणजे नदीचा प्रश्न दोन्हीकडे दारातच उभा आहे.

किती पाणी निघतं? इथेच पहिली "परिस्थितीवर अवलंबून" येते. अमेरिकेत वायोमिंग-मोंटानामधल्या पावडर रिव्हर खोऱ्यात कोळसा उथळ आणि पाण्यानं भरलेला. तिथे २००० सालच्या सुमारास एका विहिरीमागे सरासरी दिवसाला ६४ घनमीटरच्या आसपास पाणी निघत होतं. त्याच देशात न्यू मेक्सिको-कोलोराडोमधल्या सॅन हुआन खोऱ्यात हाच आकडा सुमारे ४ घनमीटर. गॅस तोच, पद्धत तीच, पाण्यात सुमारे सोळा पटींचा फरक. म्हणून कोणी "सीबीएममुळे भूजल संपतं" किंवा "सीबीएमला पाणी लागतच नाही" असं एका वाक्यात सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या खोऱ्यात?

आता विहिरींचं. गावातली विहीर चाळीस-पन्नास फूट, बोअर दोनशे-तीनशे फूट. आपल्याकडे गॅस असलेले कोळशाचे थर बहुधा कित्येकशे मीटर ते हजार मीटर खोलीवर. मधल्या खडकात पाणी अडवणारे शेलचे थर असतील, तर खाली दाब उतरला म्हणून वरची विहीर लगेच उतरत नाही. खालच्या थरात मात्र दाबाची घट खूप दूरवर आणि भराभर पसरते. म्हणून निरीक्षण विहिरीत ऐंशी मीटर पातळी उतरलेली दिसते आणि शेजारच्या शेतातल्या विहिरीत काहीच फरक नसतो. दोन्ही नोंदी खऱ्या असतात. ऐंशी मीटरचा आकडा बघून घाबरायचं कारण नाही आणि शेतातली विहीर भरलेली बघून निश्चिंत व्हायचंही नाही.

निश्चिंत का नाही? शेलचा थर माठासारखा असतो. माठ गळत नाही, पण पाझरतो, आणि पृष्ठभाग मोठा असला की पाझरही मोठा होतो. शंभर चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात वर्षाला फक्त एक मिलिमीटर पाणी वरून खाली झिरपलं, तरी ते एक लाख घनमीटर, म्हणजे दहा कोटी लिटर होतं. हे एका वर्षात कोणाच्या विहिरीत दिसणार नाही. वीस-तीस वर्षांनी दिसेल, तोवर गॅस काढणारे निघून गेलेले असतील. पंप बंद झाल्यावर खालचा दाब परत भरून यायलाही दशकं लागतात, काही ठिकाणी त्याहून बरंच जास्त.

पाझराखेरीज वरचं आणि खालचं पाणी जोडणाऱ्या आणखी वाटा असतात. खडकातले भंग आणि डाइक (खडकात उभ्या घुसलेल्या दगडी भिंती) ही एक. कोळशाचा थर थेट गाळाच्या जलधराला, म्हणजे पाणी धरणाऱ्या थराला, टेकलेला असणं ही दुसरी. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये कॉन्डामाइन नदीच्या गाळाखाली काही भागात असंच आहे, आणि तिथली शेती त्याच गाळातल्या पाण्यावर चालते. तिसरी वाट माणसानं केलेली: जुनी वेधनं आणि कच्चं सिमेंट केलेल्या विहिरी. चौथी, खडक फोडण्यासाठी उच्च दाबानं पाणी आणि वाळू घालतात ती क्रिया, फ्रॅकिंग. बातम्यांमध्ये चर्चा चौथीची असते. मला सगळ्यात जास्त काळजी तिसरीची वाटते. आपल्या कोळसापट्ट्यांत शंभर-दीडशे वर्षं कोळसा शोधायला भोकं पाडली गेली आहेत. त्यातली कितीतरी नीट बुजवलेली नाहीत आणि कितीतरी नकाशावरही नाहीत.

दामोदर खोऱ्यातल्या एका गावात हातपंपाचं पाणी दुधासारखं येऊन दोन-तीन मिनिटांत स्वच्छ व्हायला लागलं होतं. गावाचा रोख साहजिकच नव्या गॅस विहिरीवर होता आणि कंपनी म्हणत होती, आमच्या विहिरीचं सिमेंट तपासा, ते पक्कं आहे. सिमेंट खरंच पक्कं होतं. गॅस येत होता तो हातपंपाजवळच्या, कोळसा शोधताना पाडलेल्या एका जुन्या वेधनातून. कंपनीला वाटलं आपण सुटलो. पण त्या भोकाच्या तळाशी गॅस मोकळा झाला होता तो खालचा दाब उतरवल्यामुळे. वाट जुनी, ढकलणारा नवा. अशा ठिकाणी "आमची विहीर गळत नाही" हे उत्तर अपुरं आहे. पंप सुरू करण्याआधी परिसरातली सगळी जुनी भोकं शोधून बुजवणं ही त्याच प्रकल्पाची जबाबदारी धरली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पाण्यातला मिथेन पिऊन माणूस आजारी पडत नाही. धोका आहे तो बंद जागेत साठण्याचा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन झाला की एक ठिणगी पुरते. पाण्यात तो लिटरमागे साधारण २८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहतो, त्यापुढचा बाहेर पडतो. अमेरिकेत १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की लक्ष ठेवायला आणि २८ च्या वर गेलं की ताबडतोब उपाय करायला सांगतात. बोअरची मोटर अधूनमधून हवा धरत असेल, पाणी फुसफुसत येत असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे पंपघराची खिडकी कायम उघडी ठेवायची आणि आत विडी-काडी पेटवायची नाही. तपासणी त्यानंतर.

तुम्ही बघितलेला व्हिडिओ बहुतेक कॉन्डामाइनचाच असावा. तिथे चिंचिला गावाच्या आसपास नदीतून बुडबुडे येत असल्याची तक्रार २०१२ मध्ये झाली आणि २०१६ मध्ये एका लोकप्रतिनिधीनं त्यावर काडी ओढून दाखवली. पाणी जळत नव्हतं, पाण्यातून वर येणारा मिथेन जळत होता. तिथे कोळसा उथळ आहे, नैसर्गिक पाझर आहे, जुनी वेधनं आहेत आणि गॅसचं उत्पादनही चालू होतं. यातल्या कोणाचा वाटा किती, यावर भांडण लांबलं, कारण उत्पादन सुरू होण्याआधी बुडबुड्यांचं मोजमाप कोणी केलं नव्हतं. माझ्या कामात हे पुन्हा पुन्हा समोर येतं. आधीची नोंद नसेल तर नंतर कोणालाच काही सिद्ध करता येत नाही, शेतकऱ्यालाही नाही आणि प्रामाणिक कंपनीलाही नाही.

क्वीन्सलँडनं मात्र एक गोष्ट चांगली केली. उत्पादनामुळे बोअरची पातळी किती उतरली तर दखल घ्यायची, हे कायद्यात आकड्यात लिहिलं: कठीण खडकातल्या जलधरात ५ मीटर, गाळातल्या जलधरात २ मीटर. त्याहून जास्त घट होणार असेल तर कंपनीनं बोअरमालकाशी करार करून भरपाई करायची, बोअर खोल करून द्यायचं किंवा दुसरं पाणी द्यायचं. झऱ्यांसाठीची मर्यादा तर फक्त ०.२ मीटर आहे. आकडा लिहिलेला असला की वाद मोजपट्टीवर येतो.

विदर्भात पुढेमागे असं काही ठरलं, तर मी पहिल्यांदा कामठी वालुकाश्माकडे बघेन. वर्धा खोऱ्यात तो कोळशाच्या थरांच्या वर आहे आणि तिथला तो चांगला पाणीदार खडक आहे. त्याच्या आणि कोळशाच्या मध्ये काय आहे, किती जाड आहे, कुठे तुटलंय, यावर सगळं ठरेल. चंद्रपूरकडचे लोक मला विचारतात, खाणींनी आमचं पाणी आधीच खाली नेलंय, आता गॅस काढला तर काय उरेल? दोन्हींत मोठा फरक आहे. उघडी खाण वरचा सगळा खडक कापून काढते आणि त्यातलं पाणी उपसते, शिवाय कोळशातल्या पायराइट या गंधकाच्या खनिजाला हवा लागून आम्लाचं पाणी तयार होऊ शकतं. गॅसच्या विहिरीत खडक जागेवर राहतो आणि खाली हवा जात नाही, त्यामुळे आम्लपाण्याचा त्रास होत नाही. होतो तो उलट्या बाजूचा, सोडियम आणि बायकार्बोनेटचा.

तोच आता नदीचा मुद्दा.

कोळशाच्या थरातलं पाणी वर्षानुवर्षं जिवाणूंच्या संगतीत असतं. सल्फेट जवळजवळ संपलेलं असतं, बायकार्बोनेट वाढलेलं असतं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली बसून गेलेले असतात. उरतं ते सोडियम बायकार्बोनेटचं पाणी, थोडक्यात खाण्याच्या सोड्याचं. एकूण क्षार कुठे लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे पिण्यालायक, तर कुठे समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी जास्त. पण शेतीच्या दृष्टीनं एकूण क्षारांपेक्षा त्यातलं सोडियमचं प्रमाण महत्त्वाचं आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, हे सांगणाऱ्या आकड्याला एसएआर म्हणतात. माती परीक्षणाच्या किंवा पाणी परीक्षणाच्या कागदावर तुम्ही तो बघितला असेल.

शिरोळकरांना मी हे एरवी असं सांगतो. तुमच्याकडे दोन प्रकारच्या बिघडलेल्या जमिनी आहेत. एका जमिनीवर पांढरं मीठ फुलतं, ती खारवट. तिला निचरा मिळाला, सच्छिद्र पाइप घातले, पावसाचं पाणी वरून खाली गेलं, की ती सुधारते. दुसरीवर पांढरं फारसं दिसत नाही, वरचा थर काळपट होतो, पाऊस पडला की चिखल आणि वाळली की दगड, पाणी वर उभं राहतं पण मुळाशी जात नाही. ती चोपण. तिथे सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला असतो आणि नुसत्या पाण्यानं सुटत नाही, जिप्सम घालून कॅल्शियम द्यावा लागतो. आपली काळी माती फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या चिकणमातीची आहे, म्हणून सोडियम तिला सगळ्यात लवकर बिघडवतो. कोळशाच्या थरातलं पाणी शेताला दिलं तर जमीन या दुसऱ्या वाटेनं जाते.

यात एक गोष्ट शेतकऱ्याच्या अंदाजाच्या उलट आहे. खारट पाणी उन्हाळ्यात दिलं, पावसाळ्यात धुऊन जाईल, असं सगळ्यांना वाटतं. मीठ जातं हे खरं. पण पाण्यात थोडे क्षार असतात तोवर चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. पावसाचं जवळजवळ क्षारविरहित पाणी आलं, की सोडियम चिकटलेले कण सुटे होतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. म्हणजे जमीन बिघडल्याचं कळतं ते पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाणी देतानाच्या हंगामात नाही. त्यातही बायकार्बोनेट जास्त असेल तर पाणी उघड्यावर आल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरलासुरला कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो आणि एसएआर आणखी चढतो. त्यासाठी आरएससी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून किती बायकार्बोनेट उरतं, हा दुसरा आकडा बघायचा: लिटरमागे १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर ठीक, २.५ च्या वर असेल तर ते पाणी शेताला नको.

मोंटानामध्ये हाच मुद्दा शेतकऱ्यांनी लावून धरला होता. वरच्या अंगाला वायोमिंगमध्ये गॅसच्या विहिरी वाढत होत्या आणि टंग नदीच्या पाण्यावर खाली मोंटानात शेती होत होती. २००३ मध्ये मोंटानानं तिथल्या नद्यांसाठी ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, जिच्यावरून एकूण क्षार कळतात) आणि एसएआर यांच्या मर्यादा आकड्यांत ठरवल्या. पाणी पिण्याजोगं आहे, मग तक्रार कसली, असा युक्तिवाद तिथेही झाला होता. पिण्याजोगं पाणी शेताजोगं असतंच असं नाही, हे शेतकऱ्यांना माहीत होतं.

नदीत किती फरक पडतो, हे एका काल्पनिक गणितानं बघा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कुठल्याही प्रकल्पाचे नाहीत. समजा उन्हाळ्यात नदीला ३५ क्युसेक पाणी आहे, म्हणजे दिवसाला सुमारे ८६ हजार घनमीटर. त्यात प्रकल्पाचं रोज १० हजार घनमीटर पाणी येऊन मिसळलं, आणि त्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे. खाली नदीत सोडियम लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅमनं वाढेल. आपल्या भागातल्या साध्या नदीच्या पाण्याचा एसएआर एकच्या आसपास धरला, तर तो तीनच्या घरात जाईल. आता हेच पाणी पावसाळ्यात ३५ हजार क्युसेकच्या पुरात सोडलं, तर वाढ एका मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढीही नाही. पाणी तेच, नदी तीच, महिना वेगळा. म्हणून वर्षाची सरासरी दाखवणारा अहवाल मला कधीच पुरेसा वाटत नाही. मी एप्रिल-मेचे आकडे मागतो.

पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये नदी गावात येते आणि मे महिन्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमध्ये फळ्या घातलेल्या असतात, दोन बंधाऱ्यांच्या मध्ये पाणी तुंबून उभं असतं. मासे मरतात ते याच दिवसांत. अशा उभ्या पाण्यात काहीही सोडलं की मिसळून पातळ होण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढच्या बंधाऱ्यावरच्या जॅकवेलमधून (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीतून) तेच शेताला चढतं.

सोडियमखेरीज नदीवर होणाऱ्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. खोलातून आलेलं पाणी कोमट असतं आणि त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यात अमोनिया, लोह, बेरियम, कोळशाची बारीक पूड असू शकते. निवळायची टाकी आणि पायऱ्यांवरून हवा खेळवणं, एवढ्यानं यातलं बरंच सुधारतं, आणि तेवढंही न करणाऱ्याला माफी नसावी. कोरड्या ओढ्यात बारमाही पाणी सोडलं तर ओढ्याचे काठ कापले जातात, हे कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी पावसाळ्यापुरतं वाहणारं पात्र वर्षभर ओलं राहतं आणि पुढचा पूर आला की ढासळतं.

फ्लोराइडचं मात्र वेगळं सांगायला हवं. सोडियम बायकार्बोनेटच्या, कमी कॅल्शियमच्या पाण्यात फ्लोराइड सहज विरघळून राहतो. पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत हवा, दुसरा पर्यायच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. प्रकल्पाकडून गावाला "मोफत पाणी" देण्याची योजना येते तेव्हा लोक चव बघतात, ती गोडसर लागते, आणि खूश होतात. फ्लोराइडची चव लागत नाही. मुलांच्या दातांवर तो काही वर्षांनी दिसतो.

मग हे पाणी न्यायचं कुठे? सॅन हुआनमध्ये ते बहुतेक परत खोल खडकात सोडतात. खर्च येतो, पण पाणी खारं असेल तर मला हाच मार्ग सर्वात प्रामाणिक वाटतो, अर्थात ज्या थरात सोडायचं तो वरच्या जलधरापासून खरोखर वेगळा असेल तर. क्वीन्सलँडमध्ये मोठे आरओ प्रकल्प लावून शुद्ध पाणी शेतीला देतात. त्यात मागे उरणारं अतिखारट पाणी आणि त्यातलं मीठ कुठे टाकायचं, हे कोडं तिथेही पूर्ण सुटलेलं नाही. अलाबामात ब्लॅक वॉरिअर नदीच्या खोऱ्यात प्रवाह आणि क्षार मोजून नदीत सोडण्याचे परवाने दिले गेले. जमिनीवर तळी करून सुकवणं सगळ्यात स्वस्त पडतं आणि मला सगळ्यात कमी आवडतं, कारण अस्तर फाटलं की ते पाणी थेट गावाच्या विहिरीच्या जलधरात उतरतं. खालचा धोका टाळायला हजार मीटर सिमेंट केलं आणि वरून तळं गळलं, असं घडलेलं मी बघितलंय.

उपसलेलं पाणी "टाकाऊ" म्हणून मोजायचं की "वापरलेलं" म्हणून, हाही मोठा प्रश्न आहे. कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं की गॅस मिळवण्यासाठी पाणी उपसणं हा पाण्याचा वापरच आहे, म्हणून त्याला विहिरीचा परवाना लागेल आणि आधीपासून हक्क असलेल्यांचा विचार करावा लागेल. मला हे पटतं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या बोअरवर नियम लावायचे आणि गॅससाठीच्या उपशाला उपउत्पादन म्हणून बाजूला ठेवायचं, हे न्यायाचं होणार नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: विहिरीवर परिणाम होईल की नाही हे कोळसा आणि तुमचा जलधर यांच्या मध्ये काय आहे यावर, आणि नदी-शेतावर परिणाम होईल की नाही हे उपसलेलं पाणी कुठे, कधी आणि कुठल्या प्रक्रियेनंतर सोडतात यावर ठरतं. पहिलं निसर्गानं ठरवलेलं असतं, दुसरं माणसं ठरवतात. म्हणून दबाव आणायचा तो दुसऱ्यावर.

भावाला आणि तिथल्या गावकऱ्यांना काय सांगाल? भाऊ कामगार आहे, त्याला अडचणीत आणू नका. पण पर्यावरण परवानगीचे कागद आणि सहामाही अहवाल मागण्याचा हक्क गावाला आहे. त्यात रोजचा उपसा किती आणि त्यातलं प्रत्येक लिटर कुठे गेलं, याचा ताळेबंद आहे का ते बघा. उपसा लिहिलेला असतो, विल्हेवाट गोलमाल शब्दांत असते. नुसता टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) दाखवून कोणी समाधान करायला लागलं तर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराइड, फ्लोराइड, अमोनिया आणि विरघळलेला मिथेन वेगवेगळे मागा. निरीक्षण विहिरी एकाच खोलीच्या आहेत की वेगवेगळ्या थरांत, हे विचारा. एकाच खोलीच्या असतील तर पाझर कधीच कळणार नाही.

गावानं स्वतःही नोंद ठेवावी. त्याला पैसे लागत नाहीत. मोजपट्टीला वजन बांधायचं, विहिरीच्या कठड्यावर खूण करायची आणि त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर दर पंधरवड्याला वहीत लिहायचं. सकाळी, मोटर सुरू करण्याआधी. सोबत आसपास नवी बोअरं किती पडली, पीक कुठलं, पाऊस किती, हेही. हे का, ते सांगतो: एका ठिकाणी पातळी उतरल्याचं खापर गॅसवर फुटलं होतं आणि वही बघितल्यावर कळलं की पातळी उन्हाळी भात वाढल्यापासून उतरत होती. दुसऱ्या ठिकाणी अशाच वहीनं गावाची बाजू भक्कम केली, कारण पाऊस चांगला, पीक तेच, नवीन बोअर नाही आणि तरी पातळी खाली. वही कोणाच्याच बाजूची नसते, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो.

नदीचे नमुने सोडण्याच्या जागेच्या वर आणि खाली, दोन्हीकडून, मे महिन्यात आणि पहिल्या पावसानंतर घ्यावेत. नवी बाटली, त्याच पाण्यानं तीनदा विसळून, काठोकाठ भरून, तारीख लिहून, दोन दिवसांत प्रयोगशाळेत. मिथेनचा नमुना असा घेता येत नाही, बाटली उघडीच भरली तर गॅस उडून जातो आणि अहवालात शून्य येतं. तो प्रशिक्षित माणसाकडूनच घ्यायचा.

आणि हो, तुमच्या स्वतःच्या शेताचं. जॅकवेलचं पाणी मे महिन्यात एकदा तपासून घ्या, ईसीबरोबर एसएआर आणि आरएससी मागा. गॅस नसला तरी साखर कारखाने, कापडाची प्रक्रिया आणि गावांचं सांडपाणी मिळून सोडियम आपल्याकडेही येतोच. भावाकडून तिथले आकडे मिळाले तर पाठवा. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट एवढे चार असले तरी दोन्ही ठिकाणचं पाणी काळ्या जमिनीला चालेल की नाही, हे मी काढून सांगतो.